एक कान उघडा

"कोण?"

जिन्याची शेवटची पायरी चढून ती दाराशी पोचली होती, हात कडीकडे गेला होता, आणि आतून सासूबाईंनी हा प्रश्न विचारला. खरं तर यात दचकण्यासारखं काय होतं? दाराबाहेर पाऊल वाजलं की आतलं माणूस कोण म्हणून विचारणारच. सगळ्या घरांत विचारतात. पण या घरात तिला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बरीच वर्षं झाली होती, आणि 'बघायचं ते सगळं बघून झालंय, आता ऐकायचं तेवढं उरलंय' असं सांगून त्यांनी डॉक्टरला वाटेला लावलं होतं. कान मात्र असे, की दूधवाला आला की पेपरवाला, हे त्यांना तो खालच्या वळणावर असतानाच कळायचं. नवीन लग्न झालं तेव्हा तिला याचा धाकच होता. ती अजून जिन्यात असायची आणि सासूबाई आत मुलाला सांगत असायच्या, "आली रे तुझी बायको. आणि कुणाशी तरी बिनसलंय हिचं, उजवा पाय आपटत येतेय." पुढे कळलं की सुनेचा धंदाच मुळी पावलांचा आहे, तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की दोघींचं गूळपीठ जमलं ते जमलंच. त्या सासूबाईंनी आज विचारलं, कोण.

"मी, आई."

"अगबाई, तू होय? मला वाटलं कोणी परकं चुकून वर आलं." सासूबाईंनी कान दाराकडे वळवला. मग म्हणाल्या, "काय झालंय गं?"

"कुठे काय?" असं म्हणून ती थेट मोरीत गेली आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिली. ओठांच्या कडा चुरचुरत होत्या. आरशात पाहिलं तर तोंडाभोवती एक लालसर चौकोन उठला होता. चिकटपट्टी ओढून काढली की उठतो तसा. तो चौकोन तिनं साबण लावून घासला, पुन्हा घासला. सासूबाईंना दिसत नाही हे आज बरंच झालं, असं तिच्या मनात आलं, आणि आपण असा विचार केला याची तिला शरमही वाटली.

पडद्यावर माणसं चालतात तेव्हा त्यांच्या पायांचा आवाज बहुतेक वेळा त्यांचा नसतो. शूटिंगच्या गडबडीत जो आवाज मिळतो तो कामाचा नसतो, म्हणून मागाहून कोणीतरी स्टुडिओतल्या बंद खोलीत उभं राहून, समोर चित्र बघत, त्यांच्या पावलावर पाऊल टाकून चालतं. ते कोणीतरी म्हणजे ती. स्टुडिओत तिला सगळे पावलंबाई म्हणत. तिच्या खोलीत जमिनीवर एकीकडे लाकडी फळ्या, एकीकडे दगडी फरशी, कोपऱ्यात वाळूचं आणि खडीचं खोकं, आणि भिंतभर कपाटात नुसते जोडे: सैनिकाचे बूट, नाचणारीच्या टाचा, चोराचे रबरी तळवे. एका प्रसिद्ध नटाचे पाय गेली कित्येक वर्षं तीच वागवत होती, आणि तो नट तिला रस्त्यात भेटला असता तर त्यानं ओळखही दिली नसती. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. उलट अंधाऱ्या थिएटरात लोक त्याच्या ऐटीवर शिट्या मारायचे तेव्हा ती खुर्चीत बसून गालातल्या गालात हसायची. ऐट तिची होती. लहानपणी ती वडिलांच्या बुटांत पाय घालून जिन्यात त्यांच्यासारखी चालायची, आणि तिचे दोघं भाऊ घाईघाईनं चित्रांची पुस्तकं गादीखाली सारून अभ्यासाला बसायचे. एकदा वडील खरोखरच मागून येत होते. ते जिन्यातच थांबले, तिला चालू दिलं, आणि वर आल्यावर म्हणाले, "मी एवढा रागीट चालतो होय?" त्यानंतर कितीतरी दिवस ते जिना हळू चढायचे. पावलांत एवढी ताकद असते हे तिला तेव्हाच कळलं होतं. मग ती ताकद गेली कुठे?

या कामाचा एक नियम आहे. एक कान उघडा ठेवायचा. हेडफोनची एक वाटी कानावर आणि दुसरी कानामागे सरकवलेली. झाकल्या कानात काचेपलीकडून सूचना येतात, उघड्या कानानं आपलं स्वतःचं पाऊल ऐकायचं. काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या टेबलाशी मास्तर बसत. जुने रेकॉर्डिस्ट निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हे आले, मोठं नाव घेऊन, मोठी बक्षिसं घेऊन. माणूस किती गोड, असं सगळे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चारचौघांत ते तिला 'आमच्या पावलंबाई' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, खुर्ची पुढे करत. लाल दिवा लागला, दार बंद झालं, चित्र सुरू झालं की ते टेबलावरच्या छोट्या माईकशी वाकत आणि अंगठ्यानं बटण दाबत. मग तिच्या झाकल्या कानात तोच आवाज, तेवढाच मऊ, 'तू' वर यायचा. "म्हातारी चालतेय ती. पोतं ओढल्यासारखं काय ओढतेयस?" "वजन वाढलंय वाटतं तुझं. फळी रडतेय बघ." "तुला इथे घेतलं कुणी, मला एकदा त्या माणसाचे पाय धरायचेत." लाल दिवा असताना तिला ब्र काढता येत नसे. माईक एवढा जागा असतो की गिळलेला आवंढासुद्धा पकडतो. ती चालत राहायची. पडद्यावरचं माणूस थांबेपर्यंत तिला थांबता येत नसे.

सांगायचं म्हटलं तर कुणाला? काचेपलीकडे मागच्या कोचावर बसणाऱ्यांना मास्तरांची पाठ तेवढी दिसायची, आणि पाठ सज्जन होती. नवऱ्याला तिनं एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "दे सोडून. दुसरं काहीतरी बघ." हे तो प्रेमानंच म्हणाला, पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं काहीतरी काय? चालणं सोडून दुसरं काय बघायचं? आणि सोडायचं तर तिनं का सोडायचं? असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, आणि पुन्हा गेली. काही दिवसांनी तर असं होऊ लागलं की मास्तर बोलायच्या आधीच तिला ते ऐकू यायचं. बाजारातून येताना, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाताना, आपण कसं पाऊल टाकतोय हे ती बघू लागली. पोतं ओढतोय का? फळी रडतेय का? मोरीपर्यंत जायचं तरी तिला ते जमवून आणावं लागे. चालण्यात जिचा जन्म गेला तिला चालता येईना, आणि हे कुणाला सांगितलं असतं तर हसू आलं असतं.

मग ती पुटपुट आली. एका चित्रपटाचं काम चाललं होतं. त्यात एक म्हातारी होती, चित्रपटभर घरातल्या घरात फिरणारी. म्हातारीसाठी तिनं सासूबाईंच्या जुन्या वहाणा मागून नेल्या होत्या. ("माझ्या वहाणा सिनेमात, आणि मी इथे भिंतीकडे बघत," सासूबाई सगळ्या शेजाऱ्यांना सांगत होत्या.) चित्रपटातले सगळे आवाज, म्हणजे बोलणं, संगीत, पावलं, एकत्र करणारा एक मिक्सिंगवाला होता, ठेंगणा, सदा सर्दी झालेला. त्यानं कळवलं की म्हातारीच्या पावलांखाली काहीतरी कुजबुज ऐकू येतेय, शब्द कळत नाहीत, पण शांत दृश्य आहे, चालणार नाही. मास्तरांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. "पावलंबाई चालताना पुटपुटतात," ते म्हणाले. सगळ्यांसमोर, समजूतदारपणे. "होतं असं. ताण असतो. आपण सांभाळून घेऊ." तिनं आधी मान हलवून नाही म्हटलं. नंतर हो म्हटलं. कारण मनातल्या मनात ती खरंच बोलत होती, दिवसभर, मास्तरांना उत्तरं देत होती. त्यातलं काही बाहेर सांडत नसेल कशावरून? ती ओठ चावून चालू लागली. दातांत रुमाल धरून चालली. पुटपुट जाईना. घरी नवरा पेपरातून डोकं वर काढून विचारायचा, "काही म्हणालीस?" आणि ती घाईनं ओठ मिटून घ्यायची.

आणि आज दुपारी म्हातारीचं शेवटचं मोठं दृश्य घ्यायचं होतं. चित्रपटाच्या दिग्दर्शिका बाई स्वतः कोचावर येऊन बसल्या होत्या, केस पांढरे, हातात काठी. त्यांच्यासमोर मास्तरांनी खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि हसत हसत पुढे केलं. "एक गंमत करून बघू या का, पावलंबाई? म्हणजे चित्रपटाचंही भलं आणि तुमचंही." कोणी हसलं, कोणी हसलं नाही. तिनं ती पट्टी घेतली. हेच तिला आता मोरीत उभं राहून आठवत होतं, की कोणी तिचे हात धरले नव्हते. तिनं स्वतः तुकडा फाडला, स्वतः तोंडावर लावला, स्वतः दाबून बसवला. मग लाल दिवा लागला आणि झाकल्या कानात तो मऊ आवाज आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तिनं इतकी वर्षं नुसता ऐकला होता.

रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या देतेय राजीनामा." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि या वेळी शहाण्यासारखी नुसती मान हलवली. सासूबाई मात्र म्हणाल्या, "दे की. पण एक सांगू का? तू दमून येतेस, रागावून येतेस, रडूनसुद्धा आलेली मला ठाऊक आहे. प्रत्येक वेळी तूच येत होतीस. आज कोण आलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. ज्यानं हे केलंय त्याच्या हातात कागद ठेवताना तरी तू स्वतः जा, त्या परकीला नको पाठवूस."

सकाळी तिनं नवऱ्याच्या टेबलावरचा जाड, चांगला कागद घेतला आणि दोन ओळींत राजीनामा लिहिला. घडी घालताना कागद असा खणखणीत वाजला की तिनं नकळत ती घडी उलगडून पुन्हा घातली. सवयच ती. वाटेत ती पिशवीवरून हात फिरवत होती आणि मन हलकं व्हायची वाट बघत होती. राजीनामा लिहिला की मन हलकं होतं असं तिनं ऐकलं होतं. तिचं मन होतं तिथेच होतं, आणि फुटपाथवर तिचे पाय कुणा भलत्याच बाईचे असल्यासारखे पडत होते. पुढच्या चौकात एक लहान मुलगी आईचा हात सोडून डबक्याच्या कडेनं मुद्दाम फटाक फटाक पाय आपटत चालली होती, आणि आई तिला रागवत होती. तिला त्या मुलीचा विलक्षण हेवा वाटला.

स्टुडिओत ती रेकॉर्डिंगच्या टेबलाच्या खोलीत शिरली तर तिथे सगळे आधीच जमलेले. मास्तर टेबलाशी, दिग्दर्शिका बाई कोचावर, आणि नाक पुसत मिक्सिंगवाला, कालचं रेकॉर्डिंग घेऊन खास आलेला. "चाल सुरेख आहे," तो म्हणाला, "म्हातारी अगदी उभी राहते डोळ्यांसमोर. पण पुटपुट आहेच. उलट काल जास्त आहे." मास्तरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. चेहऱ्यावर दुःख. "आता आणखी काय करायचं, तुम्हीच सांगा," ते दिग्दर्शिका बाईंना म्हणाले. "माझ्याकडून होतं तेवढं केलं. मला वाटतं पावलंबाईंना विश्रांतीची गरज आहे." तिचा हात पिशवीत गेला होता. कागदाची कड बोटांना लागली. 'विश्रांती' हा शब्द किती चांगला, आता फक्त कागद पुढे करायचा. आणि त्या कडेवरून बोट फिरत असतानाच तिच्या ओठांच्या कडा पुन्हा चुरचुरल्या.

काल त्या पट्टीखाली तिला खोकला आला होता आणि खोकता आलं नव्हतं. पाणी हवं होतं, मागता आलं नव्हतं, तिनं हातानं खूण केली होती. मनातल्या मनातलं काही सांडायचं झालं असतं, तर ते सांडणार कुठून होतं?

"काल माझ्या तोंडाला पट्टी होती," ती म्हणाली.

आवाज बराच मोठा निघाला. मास्तर हसले. "अहो, तीच तर मी—"

"होती," दिग्दर्शिका बाई म्हणाल्या. "मी पाहिली. मला ते आवडलं नव्हतं, आणि मी गप्प बसले, तेही मला आवडलं नाही."

मिक्सिंगवाल्यानं नाक पुसायचं थांबवलं. आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत त्यानं अगदी निरागसपणे विचारलं, "मग हे कोण?"

कोण. कालच्या संध्याकाळपासून दुसऱ्यांदा तो प्रश्न तिच्यासमोर आला होता, पण या वेळी उत्तर देणं तिच्याकडे नव्हतं. तिच्या पायांत तळव्यापासून काहीतरी चढू लागलं. उघडा कान. कानामागे सरकवलेली हेडफोनची वाटी, तिच्यातूनही तेच बोलणं बाहेर पडत असतं. आपण तिच्याकडे लक्ष देत नाही एवढंच. आणि समोर तो माईक, आवंढासुद्धा पकडणारा. इतक्या साध्या गोष्टी, रोज हाताळलेल्या. ती स्वतःला दोष देण्यात एवढी गुंतली होती की आपल्याच कानाकडे बघायचं राहून गेलं. आणि मास्तर, बक्षिसं मिळवणारे मास्तर? आपला आवाज कुणाला ऐकू जाणार नाही याची त्यांना एवढी खात्री होती की आवाजाचा पहिला धडाच ते विसरले. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

"आवाज वाढवा," ती म्हणाली. "पावलं खाली घ्या आणि बाकीचं वाढवा."

"याची काही आवश्यकता—" मास्तर म्हणाले. पण मिक्सिंगवाला ज्याला आवाज दिसला की राहवत नाही अशातला माणूस होता. त्याची बोटं आधीच फिरत होती. सासूबाईंच्या वहाणांचा आवाज हळूहळू लांब गेला, जणू म्हातारी पलीकडच्या खोलीत निघून गेली, आणि तिच्या जागी खोलीभर, दोन्ही मोठ्या स्पीकरांतून, एक मऊ, गोड, समजावणीचा आवाज उभा राहिला. *...असंच. तोंड बंद असलं की किती बरी दिसतेस. पायातली वहाण पायातच बरी म्हणतात, ते काय उगीच? चल, चाल. आणखी खाली बघ. तुझ्यासारख्या दहाजणी दारात उभ्या आहेत...*

आवाज मोठा केल्यामुळे तो एवढा जवळ आला होता की मास्तरांचा श्वास घेणंही ऐकू येत होतं, एक स्पीकरातलं आणि एक खुर्चीतलं. हातच्या काकणाला आरसा लागत नाही. सगळे मास्तरांकडे बघत होते, आणि ती बघत नव्हती. तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर. आधी आला तो निव्वळ आनंद, असा की दोन्ही हातांनी तोंड झाकावंसं वाटलं आणि तिनं ते मुद्दाम झाकलं नाही. आपण पुटपुटत नव्हतो. आपण वेडे झालो नव्हतो. इतके महिने ती जे स्वतःचं समजून पुसत होती, धूत होती, चावून आत ढकलत होती, ते तिचं नव्हतंच. ती हसली, मोठ्यानं, आणि मिक्सिंगवालाही काही न कळता तिच्याबरोबर हसला.

"कामाच्या भरात माणूस बोलून जातो," मास्तर म्हणाले. "मी यांना मार्गदर्शनच करत होतो."

"मग मोठ्यानं करायचं होतंत," बाई म्हणाल्या, आणि काठी टेकत उठल्या. त्या वरच्या मजल्यावर स्टुडिओच्या मालकांकडे निघाल्या होत्या हे त्यांच्या काठीवरूनच कळत होतं. दारात वळून त्यांनी विचारलं, "तुमचं काय, पावलंबाई? तुम्हाला आज काम नको असेल तर मी समजू शकते."

कागद अजून बोटांत होता. सोडायचं की नाही, याचा ती इतके दिवस विचार करत होती, आणि आता तो प्रश्न तिला जुन्या ओळखीच्या माणसासारखा वाटला, ज्याचं नाव आठवत नाही. "काम हवंय," ती म्हणाली. "शेवटचं दृश्य मी पुन्हा चालणार आहे. कालची चाल चांगली आहे असं हे म्हणतात, पण ती माझी नाही. फक्त हेडफोन घालणार नाही. खोलीतला स्पीकर लावा. चाल सुरू व्हायच्या आधी ज्याला जे सांगायचंय ते त्यातून सांगा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. एकदा लाल दिवा लागला की कोणी बोलायचं नाही."

ती काचेपलीकडे आपल्या खोलीत गेली. राजीनामा कमरेला खोचला आणि वहाणा घातल्या. बोटांच्या जागी सासूबाईंच्या बोटांचे खळगे होते. मास्तर टेबलाशीच बसले होते, अंगठा सवयीनं बटणावर. सगळे थांबले. खोलीतल्या स्पीकरात खरखर झाली, कोणीतरी घसा खाकरला. मग मास्तरांचा आवाज आला, "तुम्ही... तुम्ही तयार असाल तर," आणि तिथेच संपला. मऊपणा गेला की त्या आवाजात सांगण्यासारखं काही उरतच नव्हतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाहेरचं दार कोणी नीट लावलं नव्हतं, त्यामुळे बोळातून जाणारी पावलं तिला ऐकू आली: उजवी टाच किंचित घासणारी, आधी सावकाश, ऐटीत, मग वळणावर एकदम भरभर. हाक कोणी मारली नाही. मिक्सिंगवाल्यानं दार लावून घेतलं, तो टेबलाशी येऊन बसला, लाल दिवा लागला.

पडद्यावर म्हातारी स्वयंपाकघरातून निघाली. ती लांबलचक खोली ओलांडते, दाराशी थांबते, मुठीतलं पत्र, मुलानं पाठवलेलं, न वाचताच चुरगळून टाकते आणि बाहेर जाते. काल या दृश्यात पावलंबाई स्वतः खाली मान घालून, जमिनीची माफी मागत चालली होती. आज तिनं पहिलं पाऊल टाकलं आणि फळी वाजली. रडली नाही, वाजली. दोन्ही कान उघडे होते आणि दोन्हींत फक्त तिचं पाऊल. म्हातारी थकलेली होती, पण घर तिचं होतं, आणि आपल्याच घरातून आपण होऊन निघालेल्या बाईचा पाय कसा पडतो हे तिला पुरतं ठाऊक होतं. जड, पण सरळ. ती दाराशी पोचली. आता पत्र. कागदांचा गठ्ठा पलीकडे मांडणीवर ठेवलेला असतो, पण तिथवर जायला वेळ नव्हता, आणि त्यातला एकही कागद एवढा चांगला नव्हता. तिनं कमरेला खोचलेला राजीनामा काढला, माईकसमोर धरला आणि म्हातारीच्या मुठीबरोबर मूठ मिटली. काय आवाज आला. जाड, कोरडा, खणखणीत. काचेपलीकडे मिक्सिंगवाल्यानं नाकाशी नेलेला रुमाल तसाच धरून ठेवला. मग तिनं तो गोळा फेकून दिला आणि दाराबाहेरची शेवटची पावलं दगडी फरशीवर टाकली, एकेक, घाई न करता, चित्र संपेपर्यंत.

संध्याकाळी मालकांचा निरोप आला की उद्यापासून टेबलाशी दुसरं माणूस बसेल. त्याच्याबद्दल ती वाटेत फारसा विचार करत नव्हती. चौकातल्या त्या डबक्यापाशी तिनं आजूबाजूला पाहिलं, आणि कडेनं पाय आपटत, फटाक फटाक, पुढे गेली. एक गृहस्थ आपल्या विजारीकडे बघून काहीतरी पुटपुटले. आता ते त्यांचं त्यांनी बघावं.

जिन्यात अंधार होता. खालच्या वळणावर असतानाच वरून आवाज आला.

"दार उघडंच आहे. आणि माझ्या वहाणा आणल्या असशील तर आधी धुऊन ठेव, कुठे कुठे फिरवल्यास कोण जाणे."

"नाही आणल्या, आई," ती खालूनच म्हणाली. "अजून लागणार आहेत मला तिथे. पुष्कळ दिवस."

"मग मी काय अनवाणी फिरू?" सासूबाई म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.